वाटेवरचं गाणं आणि गाणाऱ्याचं नाव

(धाराशिव इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करतो. आपण सगळ्यांनी पोवाडा ऐकलाय, भीमगीत ऐकलंय, देवीची गाणी तर इथे घरोघर ऐकायला मिळतात. या गाण्यांत एक गोष्ट हमखास सापडते. शेवटच्या कडव्यात रचणारा स्वतःचं नाव घालतो. कुठे शाहिराचं नाव येतं, कुठे त्याच्या गुरूचं, कुठे गावाचं. आपण ते ऐकतो आणि सोडून देतो. गाणं संपल्याची खूण, एवढंच आपल्याला वाटतं.

पण ते नाव तिथे का असतं? आज मी याच एका प्रश्नाभोवती बोलणार आहे. त्याचं उत्तर रस्त्यावर सापडतं. जो माणूस गाणं रचतो, स्वतःच गातो आणि ते गात गावोगाव फिरतो, त्याच्या जगण्यात सापडतं.

आपला जिल्हा म्हणजे वाटांचा जिल्हा

उस्मानाबाद हे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदलून धाराशिव झालं, पण इथल्या वाटा त्याहून खूप जुन्या आहेत. आपलं तेर घ्या. प्राचीन तगर ते हेच. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तगरचा उल्लेख आहे. इथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जायचा. जिथून माल जातो तिथून माणसं जातात, आणि माणसांबरोबर गाणी जातात.

आता आपली वर्षभराची यात्रा-जत्रांची यादी बघा. आश्विनात तुळजापूरचं नवरात्र, पाठोपाठ कोजागिरीची पौर्णिमा. सोलापूरहून तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर, आणि त्या पौर्णिमेला हा रस्ता पायी चालणाऱ्यांनी भरून वाहतो. पौषात तुळजापूरलाच शाकंभरी नवरात्र, आणि पौष पौर्णिमेला नळदुर्गला खंडोबाची यात्रा. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत खंडोबाची एकच मूर्ती वर्षातून ये-जा करते. म्हणजे इथे देवसुद्धा मुक्काम बदलतो! मग चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याची येडेश्वरी, चुनखडी वेचायला लोटणारी माणसं. आणि त्याच महिन्यात तेरला गोरोबाकाकांची यात्रा.

भाविकांसाठी ही सणांची यादी. फिरत्या गायकासाठी ते कामाचं वेळापत्रक आहे. गोंधळी, आराधी, वाघ्या-मुरळी, शाहीर, भीमगीतं गाणारे, भजनी या सगळ्यांचं वर्ष या तारखांवर बांधलेलं असतं. यात्रा झाली की लग्नसराई. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, ते पावसाळ्याच्या तोंडाशी थांबतात. लग्नानंतर घरात देवीचा गोंधळ किंवा खंडोबाचं जागरण. एप्रिलमध्ये आंबेडकर जयंती, आणि ती चौदा तारखेला संपत नाही. गावोगावच्या जयंत्या पुढे महिनाभर चालतात, कारण एकच गायक सगळीकडे एकाच दिवशी पोचू शकत नाही.

आणि आषाढापासून कार्तिकापर्यंत? नवरात्र सोडलं तर जवळजवळ सामसूम. त्या महिन्यांत हा माणूस दुसऱ्याच्या शेतात मजुरी करतो, बँडमध्ये वाजवतो, मिळेल ते करतो. पाऊस गेला तर आणखी पंचाईत. आपला जिल्हा कोरडवाहू. सोयाबीन हाती आलं नाही की लग्न पुढच्या वर्षावर जातं, आणि लग्न पुढे गेलं की सुपारी गेली. दुष्काळाचा फटका शेतकऱ्याला बसतो, हे सगळ्यांना कळतं. गायकाला तो सहा महिन्यांनी बसतो. त्याची नोंद कुठल्याच पंचनाम्यात नसते.

रस्ता गाण्याला कसा घडवतो

आता गाण्याकडे येऊ. फिरत्या गायकाची रचना आणि घरी बसून लिहिलेली कविता यांत फरक असतो. तो का असतो, ते गोंधळाच्या उदाहरणानं सांगतो.

गोंधळात चौक मांडतात, घट बसवतात, दिवटी पेटते. संबळ आणि तुणतुणं सुरू होतं. गण होतो आणि मग आवाहन. नायक एकेका देवाला हाक मारून बोलावतो. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा. श्रद्धेनं पाहिलं तर हे देवांना आमंत्रण. जरा बाजूला उभं राहून ऐका, तर हा नकाशा आहे. गोंधळी जिथे जिथे जात आले, ती ठाणी ओळीनं येतात. शिवाय ज्या गावात कार्यक्रम आहे, तिथलं ग्रामदैवत या यादीत घालावंच लागतं. ते राहिलं तर यजमान नाराज! म्हणून आवाहनाची रचनाच अशी असते, की त्यात एक नाव काढून दुसरं सहज बसवता येतं. चाल तीच राहते.

दुसरी गोष्ट, ध्रुपद. अनोळखी गावात पहिल्या पाच मिनिटांत लोकांना आपल्याबरोबर घ्यायचं असेल, तर एक ओळ अशी हवी की जी दुसऱ्यांदा ऐकली की तोंडात बसते. साथीदार ती ओळ उचलून धरतात. त्यात नायकाला दम घ्यायला सवड मिळते आणि पुढचं कडवं आठवायलाही. चार-पाच तास गायचं असेल तर गळा असाच वाचवावा लागतो.

तिसरी गोष्ट, आख्यान ताणता आणि आखडता यायला हवं. गोंधळाच्या उत्तररंगात आख्यान लागतं. जांभूळ आख्यानाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. आता जेवणाच्या पंगती लांबल्या, तर आख्यान लांबवायचं. पाऊस आला, तर गुंडाळायचं. हे काम नायक आणि साथीदार यांच्या सवाल-जवाबावर चालतं. साथीदार मुद्दाम खुळ्यासारखे प्रश्न विचारतो, नायक उत्तर देतो, लोक हसतात. त्या हसण्यावरून नायकाला कळतं, मंडळी अजून बसणार आहेत की उठणार आहेत.

आणि एक खास विद्या, करपल्लवी. बोटांच्या खुणांनी अक्षरं सांगायची. प्रेक्षकातल्या कुणी एका साथीदाराच्या कानात आपलं नाव सांगितलं, की तो बोटांच्या हालचालीनं ते दुसऱ्याला कळवतो, आणि दुसरा लांबूनच नाव ओळखून दाखवतो. आपल्याला ती गंमत वाटते. पण विचार करा, परक्या गावात रोज नव्या माणसांपुढे उभं राहणाऱ्यांना, तोंडानं न बोलता एकमेकांशी बोलता येणं किती उपयोगाचं आहे.

तर फिरणं हे या कलेच्या बाहेरचं काही नाही. फिरण्यातूनच तिचा आकार तयार झालाय.

सुपारी, इसार आणि वाटे

आता पैशाचं बोलू. कलावंतासमोर पैशाचं बोलायला आपण लाजतो, आणि त्याचा तोटा कलावंतालाच होतो.

कार्यक्रम ठरला की सुपारी घेतली असं म्हणतात. ठरताना थोडी रक्कम इसार म्हणून हातात येते, उरलेली कार्यक्रमानंतर बिदागी म्हणून. मध्ये ओवाळणी, बक्षिसी येते, तिचा भरवसा नाही. पूर्वी धान्य मिळायचं, लुगडं-धोतर मिळायचं, आता रोख.

एक हिशेब मांडून दाखवतो. आकडे समजण्यापुरते धरा. समजा, एका गोंधळाचे १०,००० रुपये ठरले. पाच जणांचा ताफा. रात्री परतायला एसटी नसते, म्हणून गाडी करावी लागते, तिचे २,५०० गेले. वाटेतला चहा-फराळ ५०० धरा. उरले ७,०००. आता वाटे पडतात. नायकाचे दोन, चार साथीदारांचा प्रत्येकी एक, आणि एक वाटा वाद्यांच्या देखभालीचा. झाले सात. म्हणजे साथीदाराला रात्र जागून १,००० आणि नायकाला २,०००. वर्षात असे ४० कार्यक्रम मिळाले, आणि ते मिळणं सोपं नाही, तर साथीदाराच्या घरात वर्षाला ४०,००० येतात.

आता या हिशेबात एक गोष्ट तपासा. गाण्याला पैसे आहेत, वाजवण्याला आहेत, गाडीला आहेत, वाद्याच्या चामड्यालाही आहेत. गाणं रचण्याला कुठे आहेत? कुठेच नाहीत. नायकानं ते गाणं स्वतः रचलेलं असो की दुसऱ्याकडून घेतलेलं असो, वाटे तेवढेच. रचणाऱ्याला फक्त एकच गोष्ट मिळते. शेवटच्या कडव्यातलं नाव.

नाव हीच मालकी

इथे आपण सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत आलो. छापखाना नव्हता तेव्हा गाणं एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जायचं. ते कुणाचं, हे सांगायला मुखपृष्ठ नव्हतं. मग रचणाऱ्यानं नाव गाण्यातच विणून टाकलं. ते यमकात बसवलं, म्हणजे काढायला गेलं तर कडवं मोडेल. संतांच्या अभंगात हेच आहे. शिवकाळातल्या अफजलखान वधाच्या पोवाड्याचा कर्ता अज्ञानदास आपल्याला ठाऊक आहे, तो असाच. साडेतीनशे वर्षं हे नाव टिकलं ते गाण्याच्या आतून.

विसाव्या शतकातली दोन माणसं घेऊ.

पहिले वामनदादा कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. मुंबईत कामगारांच्या वस्तीत राहिलेले, शाळा न मिळालेले, अक्षरओळख मोठेपणी झालेली. ३ मे १९४३ ला त्यांनी पहिलं गाणं रचलं, तेही एका हिंदी गाण्याचं विडंबन. त्यानंतर १५ मे २००४ ला नाशिकला निधन होईपर्यंत, म्हणजे साठ वर्षं, हा माणूस फिरत राहिला. आपल्या मराठवाड्याच्या गावागावांतून फिरला. गाणी हजारोंनी रचली. त्यांतली 'वाटचाल', 'मोहळ' अशा संग्रहांत थोडी छापली गेली, बाकी लोकांच्या वह्यांत आणि गळ्यात. त्यांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो. पुष्कळांना वामनदादा प्रत्यक्ष पाहायला मिळाले नाहीत, पण कडव्यातला वामन मात्र तोंडपाठ आहे.

दुसरे आपल्या शेजारचे, बार्शीचे. शाहीर अमर शेख, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म २० ऑक्टोबर १९१६. आज धाराशिव-बार्शी हे जाण्या-येण्यातलं अंतर. पण १९४७ पर्यंत बार्शी इंग्रजांच्या मुलखात आणि १९४८ पर्यंत आपण निजामाच्या. मध्ये सरहद्द. तरी बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी गाडी १८९७ पासून बार्शीला आणि १९११ पर्यंत येडशीवरून लातूरला पोचली होती. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंनी माणसं आणि बातम्या त्या गाडीनं हलत होत्या. बार्शी हे गिरणीचं, कामगारांचं, मोर्चांचं गाव झालं, आणि अमर शेखांचा आवाज त्या मोर्चांत तयार झाला. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, गवाणकर आणि अमर शेख यांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांनी अख्खा महाराष्ट्र गाऊन काढला. आणि शेवट? २९ ऑगस्ट १९६९ ला रस्त्यावरच्या अपघातात. ज्या रस्त्यानं त्यांना शाहीर केलं, त्याच रस्त्यानं वयाच्या ५२ व्या वर्षी नेलं. रात्रीचा प्रवास, कमी झोप, घाई. फिरत्या कलावंताच्या कामातला हा धोका आजही आहे. पहाटे तीनला कार्यक्रम संपवून जीपमध्ये बसणाऱ्या ताफ्याकडे मी त्या नजरेनं बघतो.

कॅसेट आली, नाव गेलं

कॅसेट आली तेव्हा फिरत्या गायकाला वाटलं, आता आपला आवाज आपल्याआधी गावात पोचेल. पोचला. पण कॅसेटची बाजू अर्ध्या तासाची. गाणं कापायची वेळ आली की काय कापायचं? शेवटचं कडवं! म्हणजे नेमकं नाव. पुढे मोबाईल आला, रील आलं. तिथे तर ध्रुपदाच्या दोन ओळी राहिल्या. डीजेवर वाजतं ते ध्रुपद. रचणारा ज्या कडव्यात बसला होता, ते कडवं तिथपर्यंत पोचतच नाही.

म्हणून आता नाव गाण्याच्या बाहेरही टिकवावं लागेल, आणि त्यासाठी कायद्याच्या दोन गोष्टी माहीत हव्यात.

एक, कॉपीराइट कायदा १९५७ चा. नोंदणी केली नाही तरी स्वतः रचलेल्या गाण्यावर हक्क असतो. पारंपरिक गाणं सगळ्यांचं, पण नवं रचलेलं गाणं रचणाऱ्याचं. त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या गाण्यावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांकडे राहतो. म्हणजे अमर शेखांच्या बाबतीत २०२९ अखेरपर्यंत आणि वामनदादांच्या बाबतीत २०६४ अखेरपर्यंत. लेखक म्हणून नाव लागण्याचा हक्क तर गाणं विकलं तरी विकला जात नाही.

दोन, २०१२ ची दुरुस्ती. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला कायमचा लिहून देता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. पूर्वी एकरकमी पैसे घेऊन कागदावर अंगठा दिला की विषय संपत असे. आता तसा कागद केला तरी हा हक्क शिल्लक राहतो. पण तो मागायला पुरावा लागतो.

आणि पुराव्यापाशी सगळं अडतं. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांसाठी मानधन योजना आहे. २०२४ मध्ये ते मानधन महिना ५,००० रुपये झालं. वयाची, उत्पन्नाची अट आहे, आणि कलेत किमान १५ वर्षं काम केल्याचं दाखवावं लागतं. आता ज्यानं चाळीस वर्षं सुपारी तोंडी घेतली, बिदागी हातात घेतली, त्यानं कागद आणायचा कुठून? साठी उलटलेला माणूस कात्रणं शोधत फिरतो. अख्खा तालुका त्याला ओळखतो, फाईल ओळखत नाही.

रात्रीचे दहा

आणखी एक बदल सांगतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले काही ठरावीक दिवस, जास्तीत जास्त १५, बारापर्यंत सूट देऊ शकतं. नियम योग्य आहे. आजारी माणसं असतात, परीक्षेची पोरं असतात. पण गोंधळ आणि जागरण ही मुळात रात्रभर चालणारी कला. जागरण या शब्दातच ते आहे. आठला जेवणं, नऊला चौक, दहाला बंद. मग आख्यान कुठे बसवायचं?

माझं मत असं, की स्पीकर बंद करावा, गोंधळ बंद करू नये. संबळ माईकशिवाय अंगणभर ऐकू येतो. शेकडो वर्षं ऐकू आला. अंगणात पन्नास माणसं गोल करून बसली तर आवाहनही होतं आणि आख्यानही. हजार माणसांपर्यंत एकदम पोचायची सवय आपल्याला स्पीकरनं लावली.

प्रश्नोत्तरांतून

एका तरुण मित्रानं विचारलं, "सर, मी गाणी रचतो, मंडळाच्या कार्यक्रमात गातो. मी नेमकं काय करू?"

उत्तर सोपं आहे, बाबा. एक वही घाल. कार्यक्रम झाला की त्याच रात्री तारीख, गाव, यजमान, बरोबर कोण होतं, किती मिळाले, हे लिही. शक्य असेल तर यजमानाची सही घे, निमंत्रण पत्रिका जपून ठेव. नवं गाणं रचलंस की तारीख घालून पूर्ण लिही आणि मोबाईलवर पूर्ण गाऊन ठेव, शेवटच्या कडव्यासकट. दुसऱ्याचं गाणं गाताना आधी त्याचं नाव सांग. आणि कुठल्याही कंपनीच्या कागदावर सही करण्याआधी तो कुणा जाणत्याकडून वाचून घे.

एका ताईंनी विचारलं, "आम्ही आराधी मेळ्यात गातो. आमच्या गाण्यात कुणाचंच नाव नसतं. मग ती कुणाची?"

ताई, ती तुम्हा सगळ्यांची. पण त्यातलं एखादं तुमच्या आईनं, सासूनं रचलेलं असेल, तर तेवढं घरात लिहून ठेवा. बायकांनी रचलेलं गाणं फार लवकर 'पारंपरिक' होऊन जातं. रचणारी जिवंत असते, शेजारीच बसलेली असते, आणि गाणं पारंपरिक!

तर मंडळी, शेवटी एवढंच सांगतो. पुढच्या वेळी गोंधळाला, जयंतीला, यात्रेला जाल, तेव्हा शेवटचं कडवं होईपर्यंत उठू नका. गाणाऱ्यानं नाव घेतलं की ते ऐका. आणि बिदागी देताना त्याच्या वहीत सही करा. तिथे त्याची पंधरा वर्षं जमत असतात.